गुरुनाथचा बॅकअप

गुरुनाथ साटम पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आला तो गाल धरून, आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या त्याने मला विचारलं, "हे एक्स-रे कॉम्प्युटरवरच असतात ना? त्यांचा बॅकअप कुठे घेता?" मी दाताची डॉक्टर आहे, मूळची नागपूरची, आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्याने तोंड उघडं ठेवावं आणि गप्प बसावं असं माझं साधं मत आहे. मी म्हटलं, घेतो कुठेतरी. त्यावर तो सुजलेल्या गालाने म्हणाला, "परत चालवून बघितला नसेल तर तो बॅकअप नाही, डॉक्टर. ती नुसती समजूत आहे." मी त्याची दाढ काढली आणि त्याला घरी पाठवलं. मग गुपचूप बॅकअप तपासून घेतला, तर तो खरोखरच कोरा निघाला. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

गुरुनाथ इथे डॅलसजवळच्या अर्विंगमध्येच, आमच्या मागच्या रस्त्यावर राहतो. एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. पन्नाशी उलटलेला, बारीक, कमी बोलणारा माणूस. दार लावलं की दोन पावलं पुढे जाऊन परत येणार आणि कडी ओढून बघणार. गाडीतल्या स्टेपनीत हवा आहे का हे बघणारा अख्ख्या टेक्ससमध्ये हा एकटाच असेल. त्याची बायको पद्मिनी माझी मैत्रीण. ती म्हणते, "लग्नात मंगळसूत्र घातल्यावरसुद्धा यांनी मागची कडी ओढून बघितली होती." खरं-खोटं तिलाच माहीत, पण तो नाही म्हणत नाही.

असा हा माणूस रानडुकरांची शिकार करतो, आणि तीही धनुष्यबाणाने. आमच्या मंडळातल्या लोकांना हे कळलं तेव्हा गणपतीच्या जेवणात निम्मी पंगत त्याच्याकडे टकमक बघत होती. पण त्यात गूढ काही नव्हतं. त्याचं गाव सावंतवाडीकडचं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत वर्षाचं पीक लोळवून जायची. लहानपणी हा माळ्यावर बसून रिकामे डबे वाजवायचा. पुढे अमेरिकेत आला. डॅलसच्या उत्तरेला, ओक्लाहोमाच्या हद्दीकडे, हॉलिस नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं गवताचं रान डुकरं नांगरून टाकतात हे त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, आणि हा शनिवारी उठून तिथे गेला. तेव्हा हा व्हिसावर होता. बंदुकीची भानगड नको म्हणून धनुष्य घेतलं. सिटिझन झाल्यावरही धनुष्यच राहिलं.

"बाणाचं बरं असतं," तो म्हणायचा. "समोरचं नीट दिसल्याशिवाय बाण सोडताच येत नाही."

हॉलिस ऐंशीच्या आसपासचा. कान गेलेले, गुडघे गेलेले, बायको गेलेली. तो याला 'गुरू' म्हणतो आणि हा त्याला 'सर'. दोघं कुंपणाला टेकून तासभर गवत, पाऊस आणि डुकरं यांवर बोलत उभे राहतात, असं पद्मिनी सांगायची. एकाला ऐकू येत नाही, दुसरा बोलत नाही, तरी गप्पा होतात.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण मार्च महिन्यात एका रविवारी मी पद्मिनीकडे चहाला गेले होते, तेव्हा गुरुनाथ स्वयंपाकघरात आला, खुर्ची ओढून बसला आणि विचारलं नसताना बोलायला लागला.

आदल्या संध्याकाळी त्याने ओढ्याकाठच्या झाडावरून एका मोठ्या नरावर बाण सोडला होता. 'तो' असंच तो म्हणाला. त्यांच्या घरी आजोबा शिकारीच्या दिवसांत डुकराचं नाव घेत नसत, नुसतं 'तो' म्हणत, ती सवय याला अजून आहे. बाण खांद्यात बसला. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड थर असतो, तिथे बाण रुतून राहतो पण आत जात नाही. तो नर काटेरी झुडपांच्या जाळीत घुसला. गुरुनाथ थोडा वेळ थांबून खाली उतरला आणि रक्ताच्या थेंबांमागे चालायला लागला.

"थेंब सरळ गेले," गुरुनाथ म्हणाला. "मग डावीकडे वळले. मग परत डावीकडे. मी खाली बघत चाललो होतो. आणि एका जागी चिखलात मला माझ्याच बुटाचा ठसा दिसला."

"म्हणजे तुम्ही गोल फिरलात," पद्मिनी म्हणाली.

"हो. आणि माझ्या ठशावर त्याचा खूर होता."

पद्मिनीने गॅस बंद केला. मला पहिल्यांदा कळलंच नाही, मग कळलं आणि हातातला कप खाली ठेवावा लागला. ठशावर खूर, म्हणजे गुरुनाथ तिथून गेल्यानंतर तो तिथून गेला होता. गुरुनाथ त्याच्या मागावर नव्हता. तो गुरुनाथच्या मागे चालत होता.

"मग मी उभा राहिलो आणि ऐकलं. मागे जाळीत दात वाजत होते. कट्, कट्, कट्. घाई नव्हती."

आता दात म्हटल्यावर मी गप्प कशी बसणार. मी त्याला सांगितलं की डुकराचा वरचा सुळा खालच्यावर घासतो आणि खालच्याला सतत धार लागत राहते, त्याचाच तो आवाज. आणि दाखवायला म्हणून दोन चमचे एकमेकांवर आपटले. गुरुनाथचा चेहरा असा उतरला की मी चमचे मुकाट्याने बेसिनमध्ये टाकले.

तो तसाच पाठ न फिरवता, पाऊल पाऊल मागे सरकत उघड्या रानात आला होता. जनावर सापडलं नाही. याचं दुःख त्याला भीतीपेक्षा जास्त होतं. अर्धवट जखमी करून सोडलेलं जनावर हा त्याच्या लेखी गुन्हा, आणि वर हॉलिस रोज संध्याकाळी त्याच ओढ्याकाठी फेरी मारतो. "मला जावं लागेल," तो म्हणाला.

पद्मिनीने शांतपणे त्याच्यासाठी चहा गाळला. "जा. पण बंदूक घेतल्याशिवाय नाही. मला माझा नवरा घरी परत यायला हवा आहे, बाकी मला काही कळत नाही. सगळ्या जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगता, तुमचा बॅकअप कुठे आहे?"

नवऱ्याला त्याच्याच शब्दांत पकडण्याची कला पद्मिनीला चांगली साधली आहे.

गुरुनाथने मग त्या विषयाचा जो अभ्यास केला तो मला दोन महिने ऐकावा लागला. हायवेवरच्या बंदुकांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, कारण पद्मिनीला तिथे एकटी बाई म्हणून जायचं नव्हतं. मला ते दुकान अजिबात आवडलं नाही. काचेखाली ओळीने बंदुका, वर ट्यूबलाइट, आणि प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी बंदूक उचलून भिंतीकडे रोखून बघत होतं. पद्मिनीने मात्र साडीच्या दुकानात बसावं तसं स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं, "यात जरा हलकं काही नाही का?"

गुरुनाथचं ठरलेलं होतं. त्याने मला एकेक कारण समजावलं. डाव्या हातात धनुष्य असणार, म्हणजे उजव्या एका हाताने काढता आणि चालवता आली पाहिजे. छातीवर बांधली तर धनुष्याची दोरी ओढताना अडकते, म्हणून कमरेला. फार मोठ्या गोळीची घेतली तर धक्का बसतो, आणि इतकी वर्षं की-बोर्ड बडवून त्याचं मनगट कामातून गेलेलं, म्हणून मधल्या ताकदीची, थ्री-फिफ्टी-सेव्हन. पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात हे खरं. पण जनावर अंगावर आलं आणि नळी त्याच्या अंगाला टेकली, तर पिस्तुलाचा वरचा भाग मागे ढकलला जातो आणि गोळी सुटत नाही. रिव्हॉल्व्हरला ती अडचण नाही. एखादी गोळी फुसकी निघाली तरी पुन्हा ट्रिगर ओढायचा, सिलिंडर फिरतो, पुढची गोळी समोर येते.

"आणि मुख्य म्हणजे," तो म्हणाला, "रिव्हॉल्व्हरमध्ये अडकण्यासारखं काही नसतंच."

विकणाऱ्या दाढीवाल्याने मान डोलावली. चार इंची नळीचा, स्टीलचा रिव्हॉल्व्हर घेऊन आम्ही बाहेर आलो. मधल्या काळात 'तो' हॉलिसला कुठे दिसला नव्हता, म्हणून उन्हाळाभर गुरुनाथ रेंजवर जाऊन सराव करत राहिला. परत चालवून बघितल्याशिवाय तो बॅकअप मानणार नव्हता, आणि त्याने तो इतक्या वेळा चालवून बघितला की पद्मिनी गोळ्यांच्या डब्यांवरून कटकट करायला लागली. मग तो समाधानाने म्हणाला, "आता झालं. आता हा बॅकअप."

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. पद्मिनीकडे शस्त्रपूजा मोठी असते, आणि शस्त्र या शब्दाचा अर्थ ती सढळ हाताने लावते. पाटावर विळी, गुरुनाथचा ऑफिसचा लॅपटॉप, शिवणयंत्राची कात्री, धनुष्य, बाण. माझा एक चिमटा आणि दात तपासायची बारीक सळई मीही दरवर्षी नेऊन ठेवते. यंदा मधोमध रिव्हॉल्व्हर होता. त्यांची मुलगी आन्या कॉलेजमधून सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आई, दॅट्स अ गन! त्याला फूल का वाहतेस?"

"आणि लॅपटॉपला वाहिलं ते चाललं?" पद्मिनी म्हणाली.

घरात माणसं असताना बंदूक बंद ठेवायची नाही, रिकामी आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, असा गुरुनाथला रेंजवर शिकवलेला नियम. तो त्याने पाळला. सिलिंडर बाजूला काढून रिव्हॉल्व्हर उघडा ठेवला. पद्मिनीचाही नियम असतो. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ, म्हणून ती आदल्या दिवशी चष्मा लावून तुकडे वेचून बाजूला काढते आणि अख्खे दाणे तेवढे कुंकवात भिजवते. तोही तिने पाळला. मूठभर अक्षता तिने त्या उघड्या रिव्हॉल्व्हरवर वाहिल्या, हात जोडले आणि पुटपुटली, "यांना सांभाळ रे बाबा." मला ऐकू आलं. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. हे मी आज इतक्या ठामपणे सांगते, कारण त्यानंतर मी त्याचा फार विचार केला आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुनाथने फुलं काढली, रिव्हॉल्व्हर फडक्याने पुसला, फुंकर मारली. त्याच शनिवारी तो हॉलिसकडे गेला. फाटकापाशी गाडी लावून त्याने गोळ्या भरल्या आणि सिलिंडर आत ढकलला. तो किंचित घट्ट बसला, पण उजेड कमी होत होता, म्हणून तो तसाच ओढ्याकडे निघाला.

त्या रविवारी संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. गुरुनाथ उभा होता, हातात जुन्या टॉवेलची गुंडाळी. पद्मिनी देवळात गेली होती हे बघून तो आला होता.

"हिमानी, तुझी ती सळई आहे ना? आणि भिंग?"

मी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. टॉवेलात रिव्हॉल्व्हर होता, उघडा, रिकामा. "फिरत नाही," तो म्हणाला. "बंद केला की ट्रिगर ओढताच येत नाही. दुकानात नेला असता, पण ते विचारतील हे कसं कळलं. मला त्यांना उत्तर द्यायचं नाही."

मी कपाळाला भिंग लावलं. सिलिंडरच्या मागच्या तोंडाशी एक चांदणीच्या आकाराची चकती असते. सळईने ती उचलली आणि तिच्या खाली बघितलं, आणि मला पेशंटच्या दाढेत पडलेलं छिद्र ओळखीचं वाटावं तसं ते लगेच ओळखीचं वाटलं. लाल रंगाची कणी. मी चिमट्याने ती बाहेर काढून पांढऱ्या बशीत ठेवली. मग दुसरी. अख्खा दाणा असणार, सिलिंडर ढकलताना चिरडून त्याचे तुकडे झालेले. माझा चिमटाही त्याच पूजेतला होता, त्याच्या सांध्यात अजून कुंकू होतं.

"अक्षता," मी म्हटलं आणि मला हसू आलं. "तुझ्या बॅकअपमध्ये बायकोने अक्षता वाहिल्या, गुरुनाथ!"

तो हसला नाही. बोटाने त्याने बशी थोडी दूर सारली. मग त्याने काल काय झालं ते सांगितलं.

काल त्याला 'तो' पुन्हा दिसला होता. खांद्यावर जुन्या जखमेची गाठ होती, म्हणून ओळखला. दिवस कलताना गुरुनाथने बाण सोडला, बाण लागला, आणि तो पुन्हा जाळीत शिरला. रक्त भरपूर होतं. हा मागोमाग गेला. त्या जाळीत माणसाला उभं राहता येत नाही, डुकरांनी पाडलेल्या बोगद्यांतून वाकून, रांगत जावं लागतं. वर उजेड होता, आत नव्हता. एका जागी येऊन तो थांबला, कारण समोर दात वाजले.

कट्, कट्, कट्.

"मार्चमध्ये ऐकला होता तोच आवाज," तो म्हणाला. "समोरून येत होता. जड श्वास, आणि दात. मग काटक्या मोडायला लागल्या. तपकिरी काहीतरी, जमिनीलगत, माझ्याकडे सरकत होतं. धनुष्य तिथे ताणता येत नव्हतं. मी रिव्हॉल्व्हर काढला."

फ्रिजची मोटर सुरू झाली तशी मी दचकले.

"आणि मी ट्रिगर ओढला, हिमानी. तो हलला नाही. मी परत ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तेवढ्यात ते जे काही होतं ते म्हणालं, 'दॅट यू, गुरू?'"

हॉलिस होता. अंधार पडत आला तरी याची गाडी फाटकाशीच, फोन त्या ओढ्यात लागत नाही, म्हणून म्हातारा याला शोधायला पलीकडच्या बाजूने जाळीत शिरला होता. तपकिरी जाकीट, दुखरे गुडघे, चार पायांवर रांगत. गुरुनाथने रिव्हॉल्व्हर पाठीमागे घेतला आणि म्हणाला, "येस सर." हॉलिसला काही दिसलं नव्हतं. म्हातारा याच्या मागोमाग रांगत निघाला, आणि दोघं हळूहळू बाहेर आले. फाटकाशी आल्यावर गुरुनाथला उलटी झाली. हॉलिस म्हणाला, काहीतरी बाधलं असेल, घरी जाऊन झोप.

"पण आवाज मी ऐकला होता," गुरुनाथ मला पुन्हा पुन्हा सांगत होता. "भास नव्हता. दात वाजले होते."

माझ्या डोक्यात ते केव्हाच लखकन येऊन गेलं होतं. सांगू की नको असं क्षणभर झालं. मग विचारलं, "हॉलिसला कवळी आहे का रे?"

"असेल. का?"

"खालची कवळी सैल झाली की धापा टाकताना वाजते."

गुरुनाथने दोन्ही हातांत तोंड लपवलं. मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. अंधाऱ्या जिन्यात हाताला चुकून कुणीतरी लागावं तशी भीती. समोर बसलेला माणूस मी ओळखते त्यातला सगळ्यात सावध माणूस होता, आणि एका तांदळाच्या दाण्यामुळे तो खुनी व्हायचा राहिला होता.

"सकाळी परत गेलो होतो," तो तसाच हातांमागून म्हणाला. "जनावर शोधायला. मिळालं नाही. काल आम्ही दोघं जिथून बाहेर आलो, तिथे चिखलात आमचे ठसे आहेत. त्याचे बूट, माझे बूट. फाटकापर्यंत." त्याने हात खाली घेतले. "त्यांच्यावर खूर आहेत. फाटकापर्यंत."

पद्मिनीला सांगू नकोस, एवढंच तो जाताना म्हणाला. मी त्या कण्या फेकून दिल्या नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही. एका छोट्या डबीत त्या अजून आहेत.

हॉलिसला मी बोलावून घेतलं. मोफत कवळी बसवून देते म्हणून सांगितलं, गुरूची मैत्रीण म्हणून. तो इतक्या लांबून गाडी चालवत आला, स्वच्छ शर्ट घालून, टोपी मांडीवर ठेवून माझ्या खुर्चीत बसला. बोलताना प्रत्येक वाक्याला त्याची खालची कवळी हलायची. कट्. मी हातमोजे घालायच्या निमित्ताने पाठ वळवून उभी राहिले आणि नुसती ऐकत राहिले. दिवसाढवळ्या, दिव्याच्या झोतात, पेपरमिंटच्या वासात तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मग जाळीत गुरुनाथचं काय झालं असेल ते मला कळलं.

"माझ्या रानात आजवर बरेच जण शिकारीला आले," हॉलिस म्हणाला. "पण गुरूसारखा सांभाळून वागणारा नाही. तो असला की मला घोर नसतो." मी म्हटलं, तोंड उघडा. त्याच्या मापाची नवी कवळी करून दिली. ती वाजत नाही, हे मी स्वतः तपासून बघितलं.

वर्षभर गुरुनाथ हॉलिसकडे गेला नाही. मनगट दुखतंय, ऑफिसात काम आहे, अशी कारणं देत राहिला. मग सप्टेंबरात हॉलिसचा फोन आला. एक मोठा नर, लंगडणारा, आता संध्याकाळी थेट घराच्या पायऱ्यांपर्यंत येतो. येतो आणि उभा राहतो. काही उकरत नाही, काही खात नाही. गुरू केव्हा येणार?

यंदाच्या खंडेनवमीला मी माझा चिमटा घेऊन गेले तेव्हा पाटावर रिव्हॉल्व्हर होताच. तसाच उघडा. पद्मिनीने धनुष्याला गंध लावलं, लॅपटॉपला लावलं, आणि रिव्हॉल्व्हरवर अक्षता वाहिल्या.

"आतही घाल," गुरुनाथ म्हणाला.

"आत कुठे?"

"तिथे. चकतीखाली. मी उचलून धरतो."

पद्मिनी हसली. "एरवी पूजेत लक्ष नसतं तुमचं, आणि आता हे? काय झालं काय तुम्हाला?"

"घाल गं. चांगल्या घाल."

तिने घातल्या. ती मनापासून सुखावली होती, नवरा पूजेत लक्ष घालतोय म्हणून. गुरुनाथने सिलिंडर सावकाश आत दाबला. खोलीत निरांजन जळत होतं, आणि दाणे चिरडल्याचा बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

प्रसाद होताच मी त्याला परसात गाठलं. तिथे रेडबडचं झाड आहे, दसऱ्याला आम्ही त्याचीच पानं आपट्याची म्हणून लुटतो. मी भयंकर चिडले होते.

"वेड लागलंय का तुला? मग नेऊच नकोस ना बंदूक!"

"बंदूक नेली नाही तर पद्मिनी जाऊ देणार नाही."

"मग जाऊच नकोस."

"हॉलिस तिथे एकटा आहे. तो लंगडा मी केलाय, त्याला संपवायला मीच जायला हवं."

"निदान रिकामी ने. अडकवतोस कशाला?"

"रिकामी नेली, तर भीती वाटल्यावर मी गोळ्या भरेन," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, डेटाबेसबद्दल बोलावं तसा. "मला मी आता माहीत झालोय, हिमानी."

"आणि तो खरंच अंगावर आला तर?"

त्याने रेडबडचं एक पान तोडलं आणि खिशात ठेवलं. "उघड्यावर आला तर दिसेल. दिसला तर बाण आहे."

"आणि जाळीत आला तर?"

त्याने चपला काढल्या आणि तो घरात गेला.

पद्मिनीला सांगावं का, हा प्रश्न मी त्या दिवसापासून गिळून बसले आहे. सांगितलं तर तो कधी जाणार नाही, आणि तिकडे तो म्हातारा रोज संध्याकाळी पायऱ्यांशी उभ्या राहणाऱ्या त्या जनावराबरोबर एकटा. शिवाय तिला हेही सांगावं लागेल की तिच्या नवऱ्याने माणसावर ट्रिगर ओढला होता, आणि गोळी सुटली नाही ती तिच्या अक्षतांमुळे. नाही सांगितलं, तर ती ज्याच्या भरवशावर त्याला दारातून जाऊ देते, ते मी माझ्या कानांनी बंद पडताना ऐकलं आहे.

शनिवारी दुपारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. ठरवून गेले होते, आज सांगायचंच. गुरुनाथ गाडीत धनुष्य ठेवत होता. कमरेला रिव्हॉल्व्हर होता, त्याच्या मुठीवर अजून गंधाचा ठिपका होता. पद्मिनी डबा घेऊन बाहेर आली, तो सीटवर ठेवला, आणि त्याच्या कमरेकडे बघून हसली.

"अहो, बॅकअप घेतलात ना?"

"घेतलाय."

"चालवून बघितलात?"

मी तोंड उघडलं होतं. गुरुनाथ माझ्याकडे बघत नव्हता, तो तिच्याकडे बघत होता, आणि ती इतकी निर्धास्त दिसत होती.

"बघितलाय," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.